पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी

दादा, तिरडीवर तुझे दोन्ही हात बाहेर होते. लोक हार घालत होते, पाया पडत होते, आणि मी वेड्यासारखा तुझ्या डाव्या हाताकडे पाहत होतो. तीस-पस्तीस वर्षांत तो हात असा उघड्यावर निवांत पडलेला मी पाहिला नव्हता. तो कायम पँटच्या खिशात. कफनाला खिसा नसतो असं लोक पैशावरून म्हणतात. मला ते त्या दिवशी तुझ्या हातावरून कळलं आणि तिथंच मला रडू फुटलं. तोवर मी रडलो नव्हतो, वहिनीला विचार.

आता महिना होऊन गेला. तेरवी झाली, पाहुणे गेले, मंडपवाल्याच्या सतरंज्या गेल्या. लिहायला बसलो तर माझी शाळेतली भाषा सुरू झाली बघ. तोंडानं जन्मभर तुझ्याशी 'तुले-मले' केलं आणि कागदावर 'तुला-मला' उतरतंय. हसू नको. तू प्रयोगशाळेतून घरी फोन करायचास तेव्हा तुझंही असंच व्हायचं, पहिली दोन वाक्यं पुस्तकातली आणि तिसऱ्याला "अबे गजू" म्हणून आपल्या हिवरखेडच्या बोलीत उतरायचास.

त्या हातावरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं होतं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू, अख्खं गाव मांडवात, आणि नवरदेवाचा सख्खा मोठा भाऊ एका हातानं अक्षता टाकतोय, दुसरा हात खिशात. काका कुणाला ऐकू जाईल याची फिकीर न करता म्हणाले, "हा नवरदेवाचा भाऊ होय का कलेक्टर?" लोक हसले. मला इतका राग आला की दिवाळीपर्यंत मी तुझ्याशी धड बोललो नाही. दिवाळीला तू आलास, विहिरीवर मला गाठलंस आणि सांगितलंस की तुमच्या कामात विजेजवळ जायचं तर एकच हात पुढे करायचा. एका हाताला झटका बसला तर बहुतेक वेळा माणूस वाचतो. दोन्ही हात लागले तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि वाटेत काळीज लागतं. तुमच्यातला एक जण दोन्ही हातांनी वाकला होता म्हणालास. त्याचं नाव तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. पण मी भांडखोर, मी म्हटलं की लग्नात कुठली आली वीज? तर तू म्हणालास, सवय मोडली की एक दिवस माणूस मोडतो. मी पाणी शेंदायला लागलो.

तू नेमकं काय करतोस हे गावाला कधी कळलं नाही. "तुहा भाऊ तिकडे विजा पाडते म्हणे," असं मला पारावर विचारायचे आणि मी मान हलवायचो. मलाच कुठं कळत होतं? एकदा ज्वारी राखताना तू माझ्या हातातून गोफण घेतलीस. गरागरा फिरवलीस, दगड सोडलास आणि म्हणालास, "फिरवली किती वेळ? आणि दगड सुटला कितीकात? आमचं काम एवढंच. वीज हळूहळू भरायची आणि डोळा लवायच्या आत सोडायची." एवढ्या झटक्यात सोडली की हवासुद्धा हवा राहत नाही, फाटते, पेटते, तिचा प्लाझ्मा होतो, हे तू पुढं सांगितलंस. ते मला नीट समजलं नाही, पण गोफण समजली. त्यानंतर कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचो, माझा भाऊ विजेची गोफण करतो.

पन्नाशी उलटल्यावर ती मोठी प्रयोगशाळा सोडून तू अमरावतीच्या कॉलेजात शिकवायला आलास तेव्हा सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं. मीही. कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडात तू आपला संसार मांडलास. मी पहिल्यांदा तिथं आलो तेव्हा तू मला दारातच थांबवलंस आणि आधी ती काठी दाखवलीस. लांब दांड्याची, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्यापासून जाड तार थेट जमिनीत. वीज साठवायच्या डब्यांना हात लावण्याआधी ही काठी टेकवायची, म्हणजे उरलेली वीज जमिनीत जाते. तू टेकवलीस, चट् आवाज झाला. मी पुढं निघालो तर तू माझी कॉलर धरलीस. थोडा वेळ थांबलास आणि परत टेकवलीस. एकदा टेकवून डबा रिकामा वाटतो, पण आत थोडी मुरलेली असते, ती मागाहून वर येते. म्हणून दोनदा. घाई असो, ओळखीचा डबा असो, दोनदाच. तुझी सगळी पोरंपोरी ते शिकली होती. प्राची तर, ती नांदगाव खंडेश्वरची तुझी लाडकी विद्यार्थिनी, चहाचं भांडं उतरवतानाही फडकं दोनदा लावायची, तिची मैत्रीण तिला चिडवायची.

मग ती पेटी. तिच्यात हरबऱ्याचं बी ठेवून तू बटण दाबलंस आणि आत वांग्याच्या फुलाच्या रंगाचा उजेड पडला. मी म्हटलं, हे काय, बियाण्याची आरती? तू हसला नाहीस. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या वावराबद्दल बोलायला लागलास. खाऱ्या जमिनीत बी रुजतच नाही, अर्ध्या जागा रिकाम्या राहतात, आणि आपल्या आईचं आयुष्य त्या रिकाम्या जागा भरण्यात गेलं. पेटीतल्या त्या उजेडानं बियाण्याचं साल थोडं सैल होतं, ओल लवकर आत जाते. कदाचित खाऱ्यातही रुजेल. तू 'कदाचित' म्हणालास. तीस वर्षं विजा पाडल्यावर घरी काय आणलं असं कुणी विचारलं तर हे दाखवायचं, असंही म्हणालास. दादा, तू असं मोठं वाक्य फार कमी बोलायचास, म्हणून मला ते शब्दाला शब्द आठवतं.

आता ते सांगतो जे नऊ वर्षं सांगितलं नाही.

तू दोन कापडी पिशव्या घेऊन आलास. लाल दोऱ्याची, तिच्यात पेटीतून काढलेलं बी. पांढऱ्या दोऱ्याची, तिच्यात साधं. वाण एकच. एक ओळ लाल, एक पांढरी, अशा आपण दोघांनी मिळून पेरल्या. जाताना तू धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहून मला बजावलंस की काहीही झालं तरी नांगे भरायचे नाहीत. जिथं उगवलं नाही ती जागा तशीच राहू दे, मला त्या रिकाम्या जागाच मोजायच्या आहेत, एकविसाव्या दिवशी येतो. मी म्हटलं, मले शिकवतं का?

आठव्या दिवशी कोंब वर आले. लाल ओळी भरून आल्या होत्या. एखाद-दुसरी जागा सोडली तर सलग. आणि पांढऱ्या ओळी म्हणजे म्हाताऱ्याचे दात. हे मी पाहिलं, दादा. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. तुझं बी रुजलं होतं. मला खरं तर तेव्हाच धावत जाऊन तुला फोन करायला हवा होता. पण शेतकरी उभी ओळ पाहत नाही रे, त्याला नांगाच दिसतो. तेवढ्यात शेजारचा रामभाऊ धुऱ्यावरून जाताना म्हणाला, "काहून गजाननराव, शेती सोडली का?" झालं. मी घरी गेलो, लाल दोऱ्याच्या पिशवीतलं उरलेलं बी आणलं, गोड्या पाण्याची कळशी आणली, आणि पांढऱ्या ओळींतला एकेक नांगा डोबून भरला. लाल बी का? तर चांगलं होतं म्हणून. आईनं हातात दिलेलं काम ते. आठव्या दिवशी नांगे भरायचे, त्यात विचार करण्यासारखं काही असतं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरी येऊन पाय धुताना आलं. तेव्हा उशीर झाला होता, आणि उपटून काढायला हात झाला नाही.

एकविसाव्या दिवशी तू आलास. प्राची वही घेऊन ओळीत वाकून मोजत होती. तू एका पांढऱ्या ओळीपाशी उकिडवा बसलास आणि उठेचना. बराच वेळ बसलास. मी लांबूनच पाहत होतो. मग उठलास, मला धुऱ्याकडे नेलंस आणि हळूच विचारलंस,

"गजू, या ओळीत कोणी काही लावलं का रे?"

"कोण लावते? काही नाही."

"बरं," म्हणालास. घरी आलास, जेवलास, ठेचा मागून घेतलास, अमरावतीला गेलास.

मग काय झालं ते तुला माहीत, पण मला जेवढं कळलं ते सांगतो. तू रिपोर्ट दिलास, वरच्या कमिटीनं पुढचं काम नाकारलं, शेड दुसऱ्या कुणाला दिली. पेटी घरी आली. वहिनीनं तिच्यावर जुनी चादर टाकली. दोन वर्षं शिकवून तू निवृत्त झालास. मी एकदा चाचरत विचारलं की काय निघालं शेवटी? तू म्हणालास, काही निघालं नाही, असंही असतं. मी समजलो की लाल-पांढऱ्यात फरक दिसला नाही, म्हणून बंद पडलं. म्हणजे माझ्यामुळंच. पण तुला कळलेलं नाही, असं मी धरून चाललो. धरून चालणं सोपं होतं ना.

अकोल्याच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी दोनदा ठरवून आलो होतो. दोन्ही वेळा बसस्टँडवरून पायी आलो, वाटेत वाक्य जुळवत. एकदा तू झोपला होतास. दुसऱ्यांदा जागा होतास, नाकाला नळी. मी म्हटलं, "दादा, ते हरबऱ्याचं..." तू माझ्या मनगटावर उजवा हात ठेवलास आणि विचारलंस, पेरणीला वावर तयार आहे का. मी हो म्हटलं. तू डोळे मिटलेस. मी तिथंच बसून राहिलो, जुळवलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं. चार दिवसांनी तू गेलास.

तेरवीनंतर प्राची हिवरखेडला आली. आता ती तुझ्याच कॉलेजात शिकवते, तुला माहीत आहेच. वहिनीकडून तिनं पेटी नेली, चालू केली, आणि आता तिला परत आपलं वावर हवं होतं. मागच्या वेळी ओळी कशा होत्या ते दाखवायला तिनं तुझा जुना रिपोर्ट पिशवीतून काढला. इंग्रजीत होता. ओळींचा नकाशा पाहून झाल्यावर मी पान उलटलं आणि अडखळत वाचायला लागलो. एका वाक्याशी थांबलो. मला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय, म्हणून तिला विचारलं. तिनं सरळ सांगितलं. पेरणीच्या वेळी दोन पिशव्यांतलं बियाणं माझ्या निष्काळजीपणामुळे मिसळलं, त्यामुळे हा प्रयोग बाद धरावा, असं सरांनी लिहिलं आहे.

निष्काळजीपणा! तुझा! दोनदा काठी टेकवणाऱ्या माणसाचा! सख्ख्या भावाच्या लग्नात हात खिशातून न काढणाऱ्या माणसाचा!

प्राचीला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी ओळीत बसून तू तिला बोटानं रोपं दाखवली होतीस. हे बघ, हे आठ दिवसांनी धाकटं आहे, हेही धाकटं, हेही. शेतकऱ्याच्या पोराला काय भरलेला नांगा ओळखू येणार नाही? मी मूर्ख, मला हे एवढ्या वर्षांत सुचलं नाही. धाकटी रोपं वगळून मोजू असं ती म्हणाली, तर तू ऐकलं नाहीस. एकदा हात लागलेलं माप वापरायचं नसतं म्हणालास. मग ती म्हणाली, निदान खरं लिहा, शेतात नांगे भरले गेले एवढंच लिहा, कुणाचं नाव नको. त्यावर तू जे म्हणालास ते तिनं मला तुझ्याच बोलीत सांगितलं, नांदगावची पोरगी ती.

"नांगे भरणं चूक नोहे. ते त्याचं काम होय. वावर उघडं ठेव म्हणून मी त्याले सांगितलं, चूक माहीच हाय."

मी उठून आत गेलो. दादा, मला तुझा राग आला आहे. आभार नंतर मानीन, आधी राग. तू जन्मभर एक आकडा खोटा लिहिला नाहीस आणि एक वाक्य खोटं लिहिलंस तेही माझ्यासाठी, मला न विचारता. मला शिव्या द्यायच्या होत्यास. भर बाजारात द्यायच्या होत्यास. मी रडलो असतो, बाप्पा म्हणून पाय धरले असते, दुसऱ्या वर्षी परत पेरलं असतं, आणि तुझी शेड राहिली असती. डब्याला तू काठी दोनदा टेकवायचास आणि मला मात्र एकदाच विचारलंस. एकदा 'नाही' म्हटलं की आत काही उरत नाही, असं तुला माझ्याबाबतीतच कसं वाटलं?

असा मी दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. भाकर खाताना भांडलो, बैलांना पाणी पाजताना भांडलो. आणि तिसऱ्या दिवशी पेरणीची तिफण धुवायला काढली तेव्हा तुझा फोन आठवला. दर वर्षी हरबरा पेरून आठ-दहा दिवस झाले की तुझा फोन यायचा. तब्येत, वहिनी, भाव वगैरे झालं की शेवटी ठरलेलं: "उगवण कशी हाय? नांगे भरले का?" आणि मी म्हणायचो, भरले. पुढं तू थोडा थांबायचास. मग म्हणायचास, बरं, ठेवतो. मला वाटायचं भाऊ शेतीची चौकशी करतोय. इतकी वर्षं, दादा. एकही वर्ष चुकलं नाही. तू थांबायचास तेवढ्यात मी बोलायचं होतं.

तिफण तशीच टाकून मी ओट्यावर बसलो. त्या दवाखान्यातल्या 'वावर तयार आहे का' चा अर्थ लावायची आता हिंमत नाही. ते फोनवरच्यासारखं शेवटचं थांबणं होतं की तुला खरंच पेरणीची काळजी होती, हे कुणाला विचारू? एवढं मात्र लिहून ठेवतो, तुझ्यासमोर तोंडानं झालं नाही ते. पांढऱ्या ओळींत मी बी लावलं. मी खोटं बोललो. तुझं बी उगवलं होतं, आठव्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका वावरानं काही सिद्ध होत नाही हे तू म्हणशील ते मान्य. पण तुझ्या आयुष्यातली ती एक सकाळ मी पाहिली आणि तुला पाहू दिली नाही. आणि तरीही तू माझ्या घरी ठेचा मागून जेवलास. त्याबद्दल काय म्हणायचं ते मला अजून येत नाही.

प्राचीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली काका, मला माहीत होतं. मी म्हटलं, माहीत असू दे, तरी मी सांगणार. मग आम्ही पेरलं. त्याच वावरात, एक ओळ लाल, एक पांढरी. उरलेलं बी मी तिच्याकडे परत दिलं, माझ्या घरात एक दाणाही लाल दोऱ्याचा ठेवला नाही. जाताना ती धुऱ्यावर थांबली आणि घुटमळली. वयानं लहान, कसं बजावणार? मीच म्हटलं, नांगे भरणार नाही, जा तू.

आज आठवा दिवस. सकाळी ऊन वर यायच्या आत वावरात आलो. कोंब वर आलेत. लाल ओळी कशा आहेत आणि पांढऱ्या कशा आहेत ते तुला सांगत नाही, एकवीस दिवस व्हायचे आहेत आणि मोजायचं काम प्राचीचं आहे. एवढंच सांगतो की नांगे आहेत. उघडे आहेत, आणि पाहवत नाहीत. रामभाऊ आता काठी टेकत चालतो, तरी तो धुऱ्यावर थांबलाच. "काहून गजाननराव, यंदा नांगे नाही भरून राहिले?"

"नाही," मी म्हटलं. "दादाले मोजायचे हायेत."

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मी तिथंच उभा राहिलो आणि डावा हात खिशात घातला. खिशात मूठभर हरबरा निघाला, आपल्या घरच्या कणगीतला. सकाळी निघताना हातानं आपोआप घेतला होता, मला कळलंही नव्हतं. मी मूठ घट्ट मिटली आणि हात खिशातच ठेवला, ऊन डोक्यावर येईपर्यंत.